वरच्या गणितात सगळ्यात अवघड काय

[शिकाऊ चालकाची पाटी लावलेली छोटी गाडी, संध्याकाळची वेळ. स्टिअरिंगवर शाळेतले गणिताचे सर. शेजारी त्यांना गाडी शिकवणारी आई. मागच्या सीटवर तिची मुलगी, जिला घरी सगळे भिंगरी म्हणतात. तिचे केस पोहून आल्यामुळे अजून ओले आहेत.]

आई : तो ब्रेक नाही सर, तो क्लच. ब्रेक मधला.

सर : माहीत आहे मला. मी फक्त खात्री करून घेत होतो.

आई : सिग्नल हिरवा झालाय. मागचा टेम्पोवाला तुमच्या खात्रीसाठी थांबणार नाही. सोडा हळू. अजून हळू. हं, निघाली. आता वायपर बंद करा.

सर : मी उजवीकडे वळायचा दिवा लावला होता.

भिंगरी : काच मात्र छान पुसली गेली, सर.

सर : मॅडम, हिने मागे गप्प बसायचं ठरलं होतं.

आई : भिंगरे, गप्प. सर, उजवीकडे. आरसा बघा, मग वळा. आरशात भांग नाही बघायचा, रस्ता बघायचा. छान. आता सरळ रस्ता आहे. तर मार्कांचं काय?

सर : कसले मार्क?

आई : शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये तुमच्या सराव परीक्षेला मी शेवटच्या बाकावर बसून तीन तास पेपर लिहिला. पाठीला अजून रग लागलीय. त्याचे मार्क.

सर : ते उद्या वर्गात कळतील. सगळ्यांना एकदम.

आई : मी कुठे तुमच्या वर्गात आहे? तुम्हीच म्हणालात, बसा बाहेरून, माझी काही हरकत नाही. मग मला बाहेरच सांगा. आणि उद्या फार उशीर होईल. विषय बदलायचा शेवटचा दिवस उद्याच आहे ना?

भिंगरी : हो. उद्या दुपारपर्यंत. ऑफिसात पालकांची सही लागते.

सर : म्हणजे हे खरंच आहे तर. मला वाटलं, तुमची घरातली थट्टा चाललीय.

आई : थट्टा कसली? ही बाई म्हणते, वरचं गणित सोडते, साधं गणित घेते. गेल्या वर्षीपर्यंत जहाजं बांधायची होती हिला. तिकडच्या कॉलेजात वरच्या गणिताशिवाय फाटकातून आत घेत नाहीत.

भिंगरी : जहाजात साधं गणितवालेसुद्धा बसतात.

आई : बसतात. बांधत नाहीत. सर, सायकलवाला. सायकलवाला दिसतोय ना तुम्हाला?

सर : दिसतोय. त्याचा वेग साधारण...

आई : वेग राहू दे. त्याच्यापासून लांब राहा. तर मी म्हटलं, अवघड अवघड काय लावलंयस, आळस आहे नुसता. इतकी मुलं करतात, तर दोन महिने बसले तर मीसुद्धा पास होईन. ही म्हणाली, हो का? हो पास.

भिंगरी : मी एवढंच म्हणाले नव्हते. आधी अट नीट सांग. आई पास झाली तर मी वरचं गणित सोडणार नाही. नापास झाली तर उद्या मुकाट्याने सही करणार. मुकाट्याने, हा शब्द अटीत आहे.

सर : आणि तुम्ही दोन महिने अभ्यास केलात? शिकवण्या सांभाळून?

आई : कोणाची शिकवणी रद्द झाली की गाडी झाडाखाली लावायची आणि स्टिअरिंगवर पुस्तक उघडायचं. एकदा हॉर्नवर कोपर पडलं. झाडावरचे सगळे पक्षी उडाले आणि माझं समीकरणही.

सर : मग तुमच्यासमोरच्या उन्हाच्या झडपेवर जी चिठ्ठी चिकटवली आहे...

आई : साइन-कॉसची सूत्रं. पाठ होईनात. दर सिग्नलला एक वाचायचं.

सर : तिसऱ्या सूत्रात वजा हवं. कॉसच्या बेरजेत चिन्ह उलटतं. बघा, इथे तुम्ही...

आई : समोर बघा! समोर! सर, सूत्र कुठे पळून जात नाही, तो पाववाल्याचा ट्रक मात्र रिव्हर्समध्ये आपल्यावर येतोय!

सर : थांबलो. थांबलो की नाही?

आई : मी थांबवली. माझ्या पायाशीही ब्रेक आहे, म्हणून तर मी अजून हयात आहे.

भिंगरी : म्हणजे आई, तू तिसरं सूत्र शनिवारी...

आई : चुकीचंच लिहिलं. चारदा. जाऊ दे. त्रिकोणमितीवर माझी मदार नव्हतीच. मी सगळा जोर व्हेक्टरवर दिला होता.

सर : सदिशांवर? ते का?

आई : सगळ्यात अवघड तेच ना. अवघड ते आधी संपवावं. दोन महिन्यांतला निम्मा वेळ मी व्हेक्टरला दिला. बाण काढून काढून स्वप्नातसुद्धा बाण यायला लागले.

सर : सदिश अवघड असतात असं कोण म्हणालं तुम्हाला?

आई : कोण म्हणजे? मी पहिल्याच दिवशी हिला विचारलं, बाई, तू यातून जातेयस, तर मला सांग कुठला भाग किती अवघड. हिने नीट समजावलं. व्हेक्टर म्हणजे कहर. कॉम्प्लेक्स नंबरला हातच लावू नकोस, मोठमोठी माणसं त्यात वेडी झालीत. आणि प्रोबॅबिलिटी म्हणे अगदी लहान मुलांचं, पिशवीतले चेंडू काढायचे, ते आदल्या दिवशी वाचलं तरी चालतं.

सर : पिशवीतले चेंडू!

आई : क्लच, सर.

सर : मॅडम, मी गेली कित्येक वर्षं हे शिकवतोय. सदिश ही या अभ्यासक्रमातली सगळ्यात गरीब गाय आहे. चित्र काढलं की उत्तर समोर येतं. संमिश्र संख्यांचं नुसतं नाव भीतिदायक. आठवडाभर बसलात तर बागेत फिरल्यासारखं वाटेल. आणि संभाव्यता! संभाव्यतेचा प्रश्न वाचायला वर्तमानपत्रासारखा सोपा, पण पाऊल टाकलं की खड्डा. माझी हुशारातली हुशार मुलं तिथे तोंडावर पडतात. मी स्वतः उत्तर दोनदा तपासल्याशिवाय फळ्यावर लिहीत नाही.

आई : भिंगरे.

भिंगरी : बाहेर किती छान ऊन पडलंय.

आई : भिंगरे, इकडे बघ. आरशात बघ माझ्याकडे.

भिंगरी : आरशात रस्ता बघायचा असतो.

आई : तू मला उलटं सांगितलंस? जाणूनबुजून?

भिंगरी : अवघड-सोपं हे ज्याचं त्याचं असतं, आई. एखाद्याला व्हेक्टर अवघड वाटूही शकतात.

सर : कोणाला?

भिंगरी : एखाद्याला.

आई : माझा निम्मा वेळ गरीब गाईमागे गेला! आणि मी हिला रोज दूध गरम करून देत होते. म्हणत होते, पोर आपल्यासाठी किती जीव तोडून समजावतेय!

भिंगरी : व्हेक्टर समजावले ना पण मी? प्रामाणिकपणे समजावले. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

आई : सर, डावीकडे घ्या.

सर : डावीकडे? डावीकडे तर पाण्याच्या टाकीचा चढ आहे.

आई : हो.

सर : आपण चढ पुढच्या आठवड्यात करणार होतो.

आई : आता करू. नाहीतर इथेच मार्क सांगा.

सर : मॅडम, याला धमकी म्हणतात.

आई : याला शिकवणी म्हणतात. लायसन्सच्या परीक्षेत तीनदा तुम्ही चढावरच नापास झालात. तिथे आज ना उद्या जायचंच आहे. दिवा लावा. वायपर नाही, दिवा.

भिंगरी : सर, सांगून टाका ना. मागे आपटेन मी.

सर : तत्त्वाचा प्रश्न आहे. परीक्षेचा निकाल वेळेआधी फोडायचा नसतो. मी कधी... अरे बापरे, हा केवढा चढ आहे.

आई : आता मध्येच थांबा. हँडब्रेक ओढा. हं. आता इथून निघायचं. क्लच अर्धा, थोडी रेस, गाडी पुढे ओढायला लागली की हँडब्रेक सोडायचा.

सर : म्हणजे तीन गोष्टी एकाच वेळी करायच्या.

आई : तुम्ही मुलांना पाच करायला लावता.

सर : बंद पडली.

आई : पुन्हा.

सर : पुन्हा बंद पडली. मागे गाडी आली. मॅडम, मागे गाड्या आल्या. ते सगळे हॉर्न माझ्यासाठी आहेत का?

भिंगरी : नाही सर, आपल्या तिघांसाठी आहेत.

आई : आपण मागे सरकतोय सर, हँडब्रेक!

सर : एकतीस!

आई : काय?

सर : एकतीस मार्क पडले तुम्हाला! पासला चाळीस लागतात! आता कृपा करून तुमचा ब्रेक दाबा!

आई : दाबलाय केव्हाच. घाबरू नका. खोल श्वास घ्या. क्लच अर्धा. रेस. अजून जरा. आता सोडा हँडब्रेक. हं, हं, जाऊ द्या. बघा, चढली.

सर : चढली?

आई : चढली. एकतीस का?

भिंगरी : एकतीस! मी सुटले! सर, तुम्ही देव आहात!

आई : तू थांब. वर टाकीपाशी मोकळी जागा आहे, तिथे बाजूला घ्या सर. इंजिन बंद करा. पाणी प्या. आता मला सगळं सांगा. व्हेक्टरमध्ये किती?

सर : पैकीच्या पैकी. आकृत्या इतक्या सुंदर होत्या की मी दुसऱ्या वर्गाला दाखवल्या.

आई : बघा! आणि ती प्रोबॅबिलिटी?

सर : शून्य.

आई : एकसुद्धा नाही? मी तर सगळे प्रश्न सोडवले होते.

सर : मॅडम, पिशवीतून लाल चेंडू निघण्याची संभाव्यता तुम्ही तीन काढलीत.

आई : मग?

सर : संभाव्यता एकाच्या वर जातच नाही. एक म्हणजे नक्की.

आई : मला वाटलं, जरा जास्तच नक्की असेल.

भिंगरी : तीन! आई, म्हणजे तू पिशवीत हात घालायच्या आधीच चेंडू उडी मारून बाहेर!

आई : हस. हस तू. सर, तुम्ही पंच. हिने मला फसवून जिंकलं. हे धरायचं का?

सर : अटीत काय होतं? खरं सांगायचं, असं होतं?

भिंगरी : नव्हतं. मी अट पुन्हा म्हणून दाखवू?

सर : मग, मला म्हणताना वाईट वाटतंय मॅडम, पण ती जिंकली.

आई : ठीक आहे. शब्द दिलाय. उद्या सकाळी पहिली शिकवणी झाली की शाळेत येते आणि सही करते. मुकाट्याने.

भिंगरी : खरंच?

आई : खरंच. मी हरले. पण एकच गोष्ट मला कळत नाही. मला उलटं सांगायचं, तर आधी सुलटं ठाऊक असायला हवं ना? ही तर म्हणत होती, सगळंच डोक्यावरून जातं.

सर : तेच मी तुम्हाला विचारणार होतो. कारण हिचा पेपर माझ्याकडेच आहे. सदिश उत्तम. संमिश्र संख्या उत्तम. संभाव्यतेत वर्गात पहिली. विकलन, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, एकही चूक नाही. आणि मग संकलनाचं पान.

आई : संकलन म्हणजे ते इंटिग्रेशन? लांब मानेच्या चिन्हाचं?

सर : तेच. ते पान कोरं.

आई : कोरं म्हणजे?

सर : प्रश्न क्रमांकसुद्धा घातलेला नाही. चोवीस मार्कांचं पान, पांढरं स्वच्छ.

भिंगरी : वेळ पुरला नाही.

सर : तू अर्धा तास आधी पेपर देऊन गेलीस.

भिंगरी : सर, आपण गाडी शिकायला आलो आहोत ना?

आई : इंजिन बंद आहे. बोल.

भिंगरी : काय बोलू? येत नाही मला ते.

आई : बाकी सगळं येतं आणि तेवढंच येत नाही?

भिंगरी : ते वेगळं आहे. तुला नाही कळणार. डेरिव्हेटिव्हमध्ये नियम असतो. प्रश्न बघायचा, नियम लावायचा, पलीकडून बाहेर. इंटिग्रेशनमध्ये सुरुवात कुठून करायची ते कुठेच लिहिलेलं नसतं. सर फळ्यासमोर उभे राहतात, जरा बघतात आणि म्हणतात, चला, याला यू मानू. आणि सगळं सुटतं! मी विचारलं, यालाच यू का? तर म्हणाले, दिसतं ते. सगळा वर्ग मान हलवतो. मला नाही दिसत. मी तासभर बघत बसते, काहीच दिसत नाही. मग वाटतं, ज्यांना दिसतं त्यांनीच बांधावीत जहाजं.

आई : म्हणून सगळंच सोडायला निघालीस.

भिंगरी : सगळं सोडलं की कोणी विचारत नाही, तेवढंच का सोडलं.

सर : पण मलाही दिसत नाही ते.

भिंगरी : काय?

सर : म्हणजे काही दिसतात, सवयीने. बाकीची गणितं मी आदल्या संध्याकाळी घरी बसून करतो. याला यू मानून बघतो, अडकतो, खोडतो. त्याला मानून बघतो, पुन्हा खोडतो. आमची मंडळी म्हणते, गणिताच्या मास्तरांच्या घरी रद्दीच फार. मग जे सुटलं तेवढं दुसऱ्या दिवशी फळ्यावर येतं.

भिंगरी : आणि म्हणता, दिसतं ते?

सर : खोडलेलं फळ्यावर कसं दाखवणार? वर्ग काय म्हणेल?

भिंगरी : सर! मी तीन महिने स्वतःला ढ समजतेय!

सर : तसं मला वाटलं नव्हतं. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आई : तुम्ही दोघं नंतर भांडा. सर, माझं ते पान कोरं नव्हतं. मी दोन पानं भरून लिहिलंय.

सर : मॅडम, ती दोन पानं मी घरी मोठ्याने वाचून दाखवली. आमची मंडळी पोट धरून हसली. तुम्ही पहिल्याच ओळीत यू मानलात, आणि चौथ्या ओळीनंतर तो गायब!

आई : कुठे गेला मलाही माहीत नाही. यू म्हटलं की मला वळणच आठवतं. वळून माघारी गेला असेल.

भिंगरी : तुला त्याच्यात काही येत नव्हतं, मग दोन पानं कशाला लिहिलीस?

आई : मग काय करणार? तीन तास बसायचं होतं. एका बाजूने गेले, रस्ता बंद. दुसरीकडून गेले, तिकडेही बंद. तिसरीकडून गेले, तोवर घंटा झाली. शिवाय तूच म्हणाली होतीस, शेवटी अधिक सी लिहायचं विसरू नको. ते सगळीकडे लिहिलं.

सर : त्याचा एक मार्क दिला मी. त्या चोवीसातला तेवढाच.

भिंगरी : अधिक सी-चा एक मार्क!

आई : तुझ्यापेक्षा एक जास्तच ना?

सर : आणि गंमत सांगू का? तिसऱ्यांदा तुम्ही ज्याला यू मानलंत ना मॅडम, ते बरोबर होतं. अगदी बरोबर. पुढे दोन ओळी गेला असतात तर सुटत होतं.

आई : मग मी काय केलं?

सर : खोडलंत. घाबरून.

भिंगरी : बघू. सर, पेपर बॅगेत आहे का? मला बघू द्या.

सर : निकाल उद्या...

भिंगरी : सर, टाकीच्या पलीकडे उतार आहे. आईला सांगू?

सर : घे. हा घे. पण वाकवू नकोस.

भिंगरी : ई, काय अक्षर आहे! आई, हा यू आहे की घोड्याचा नाल? थांब... हे इथे... अरे हो. वर्गमुळाच्या आतलं उचललंस. सगळं नाही, फक्त आतलं. का उचललंस तू ते?

आई : बाकी दोन करून झाली होती. तेवढंच उरलं होतं.

भिंगरी : एवढंच?

आई : एवढंच. त्यात काय दिसायचंय?

सर : मी आता घरी चालत जातो, माझं घर खालीच आहे. गाडीपेक्षा लवकर पोचेन. मॅडम, आजची शिकवणी...

आई : चढ जमला तुम्हाला. पुढच्या वेळी माझा ब्रेक न लावता. आणि सर, गुरुवारी तुमचा तास किती वाजता असतो?

सर : वरच्या गणिताचा? पहिलाच. का?

आई : मी येते म्हणते. बाहेरूनच बसेन. व्हेक्टरमध्ये पैकीच्या पैकी घेऊन मध्येच सोडायचं म्हणजे जिवाला लागतं. आणि तो चेंडू तीनदा कसा निघाला, ते मला तुमच्याकडून नीट समजून घ्यायचंय. सगळ्यांसमोर विचारलं तर चालेल ना?

सर : आवडेल मला. या की. एक बाक रिकामा होतोच आहे. बरं, निघतो.

भिंगरी : आई, तू थट्टा करतेयस.

आई : नाही. पुढे येऊन बस, पट्टा लाव.

भिंगरी : माझ्या वर्गात? माझ्या मैत्रिणींसमोर तू चेंडू विचारणार?

आई : तुझा वर्ग कुठला आता? मी उद्या सही करतेय. तुझ्याच बाकावर बसेन. खिडकीजवळचा ना?

भिंगरी : मला घरी काय म्हणतात ते तू तिथे सांगशील सगळ्यांना.

आई : विचारलं तर सांगीन. भिंगरी वाईट आहे का?

भिंगरी : तू सही करू नकोस.

आई : शब्द दिलाय मी. मुकाट्याने करायची आहे.

भिंगरी : मी जिंकले ना? मग जिंकणाऱ्याने सांगितलं, नको करू, तर नाही करायची. पण माझ्या अटी आहेत. मागच्या बाकावर बसायचं. माझ्याशी बोलायचं नाही. मला हाक मारायची नाही. डबा आणायचा नाही.

आई : बरं. आणि चेंडू?

भिंगरी : चेंडू मी घरी समजावते. या वेळी खरं खरं.

आई : बरं. निघायचं?

भिंगरी : थांब जरा. आई, इंटिग्रेशनच्या तासाला ना... मागच्या नको, माझ्या शेजारच्या बाकावर बस. बोलू नकोस. नुसतं लिहीत राहा.